आईसाठी दहा चरित्रं हवीत? आधी जोड्या लावू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ६८ वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, गावी एकट्या राहतात. आठवड्याला दोन पुस्तकं सहज संपवतात. वर्षभरापासून त्यांना कादंबरी हातात धरवत नाही, 'खरं घडलेलं काहीतरी आण' म्हणतात. म्हणून दिवाळीला बंगळुरूहून येताना तुम्ही यशस्वी उद्योजकांची तीन चरित्रं आणलीत. तिन्ही निम्म्यावर खूण घालून कपाटावर पडली आहेत. मग 'वाचलीच पाहिजेत' छापाच्या याद्या शोधून फोनवर वाचून दाखवल्यात, तर दर दुसऱ्या नावाला 'झालंय' असं उत्तर आलं. आता तुम्हाला पाच हजारांत बसतील अशी दहा नावं हवी आहेत.

दहा नावं काय, आत्ता देते. पण त्यातल्या सहांना तुम्ही पुन्हा 'झालंय' ऐकाल आणि उरलेल्यांतली दोन त्याच कपाटावर जातील. एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी २६ वर्षं देवघेवीच्या टेबलावर काढली. तुमच्या आईंसारखे पंधरा-वीस सभासद आमच्याकडे कायम असायचे. आम्ही आपसात त्यांना 'अट्टल' म्हणायचो. नव्या पुस्तकावर दाखल क्रमांक पडायच्या आत ते टेबलाशी उभे. अशा माणसाला नाव सुचवणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट असते, कारण चांगली पुस्तकं त्यांना कळलेलीच असतात. याद्या असतात नव्या वाचकांसाठी. अट्टल वाचकाला यादी दिली की ती त्याच्यासाठी हजेरीपट होते, नाव पुकारायचं आणि खूण करायची.

तेव्हा खरा प्रश्न 'कोणती दहा' हा नाहीच. वाचून झालेलं पुस्तक जे पुन्हा उघडायला लावेल, असं दुसरं पुस्तक कोणतं, हा आहे. म्हणून मी सुट्टी नावं देणं फार वर्षांपूर्वी सोडलं. मी जोड्या देते. एकाच घराबद्दल, एकाच माणसाबद्दल किंवा एकाच काळाबद्दल दोघांनी लिहिलेली पुस्तकं, शक्यतो एकमेकांशी न पटणारी. पहिलं वाचलेलं असलं तर उत्तम, दुसरं हातात पडताच ते पुन्हा काढलं जातं.

जोड्यांकडे वळण्याआधी एक गंमत सांगते, कारण तुमच्या तीन उद्योजकांचा उलगडा तिच्यात आहे. वाचनालयातलं जुनं पुस्तक आडवं धरून त्याच्या पानांची उघडी कड बघा. वाचलेल्या पानांची कड बोटांनी मळते, न वाचलेल्यांची पांढरी राहते. दहा-बारा वर्षं फिरलेल्या पुस्तकावर ही सीमारेषा इतकी स्पष्ट दिसते की लोक कुठे थांबले ते पुस्तक न उघडता सांगता येतं. एका उन्हाळ्यात बाइंडिंगला पाठवायची चरित्रं वेगळी काढताना मी सहज कडा बघत गेले. यशस्वी माणसांच्या चरित्रांत ही रेषा बहुतेक वेळा एकाच जागी होती. बालपण, गरिबी, पहिली नोकरी, बुडालेला पहिला धंदा इथपर्यंत कड काळपट. पुढे पुरस्कार, परदेश दौरे, मान्यवरांबरोबरचे फोटो, आणि पानं कोरी करकरीत. सत्कार सुरू झाला की वाचक उठतो. तुमच्या आईंच्या तिन्ही खुणा कुठल्या प्रकरणात आहेत ते बघाच एकदा.

उलट लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आमची प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी तपकिरी होती. दोनदा बाइंडिंग झालेलं. हे पुस्तक तुमच्या आईंचं नक्की झालेलं असणार. १९३४ पासून ते भागाभागाने आलं. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरुवात, अकराव्या वर्षी लग्न, नवरा केव्हा घर सोडून जाईल याचा नेम नाही, १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, मग ताटातूट, आणि १९०० मध्ये स्वतःचं धर्मांतर. शाळेत न गेलेल्या बाईने हे सगळं असं सांगितलं आहे की रडायच्या जागी हसू येतं. पण झालंय म्हणून सोडू नका. अट्टल वाचकाने हे बहुधा तिशीत वाचलेलं असतं, आणि तिशीत लक्ष टिळकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, लहरींवर राहतं. साठीनंतर वाचलं की दुसरंच दिसायला लागतं. शिवाशिवीची सवय लक्ष्मीबाईंच्या अंगातून एका दिवसात गेली नाही, टप्प्याटप्प्याने सुटत गेली, आणि दर टप्प्यावर त्या स्वतःलाच हसत गेल्या. आईंना सांगा, या वेळी फक्त स्वयंपाकघर आणि पाणी यांच्यावर लक्ष ठेवून वाचा.

आता जोड्या. शिक्षिकेला द्यायची म्हणून मी पहिली काढेन ती कर्व्यांच्या घरची. धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' १९१५ चं. गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल असं कोरडं, नेटकं, स्वतःबद्दल जेवढ्यास तेवढं. त्यातला परीक्षेचा प्रसंग अनेकांना पाठ्यपुस्तकातून आठवत असतो: मुरुडहून भर पावसात कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पोचलेला मुलगा, आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू न देता परत पाठवणारे साहेब. पुढे संस्था, वर्गण्या, हिशेब. इथे पुष्कळजण गळतात, हेही मी कडेवरूनच सांगते.

त्याच्या शेजारी ठेवा आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया कर्वे, यांचं 'माझे पुराण'. ते १९४४ चं. बाया म्हणजे आधीच्या बालविधवा गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह. नवऱ्याने पै-पै संस्थेला वाहिली, विम्याची पॉलिसीसुद्धा. घर कसं चालायचं ते या पुस्तकात कळतं. बायांना कर्व्यांबद्दल आदर आहे पण भीड नाही. 'आत्मवृत्ता'त जी गोष्ट एका ओळीत उरकते, ती इथे चार पानांचं भांडण होऊन येते. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी आधी बायांचं पुस्तक दिलं होतं. आठ दिवसांनी ते 'आत्मवृत्त' मागायला आले आणि टेबलापाशी उभ्याउभ्याच पानं उलटून काहीतरी शोधायला लागले. काय हवंय विचारलं, तर म्हणाले, "पॉलिसीचं यांनी काय लिहिलंय ते बघतोय." महर्षींचं पुस्तक इतक्या उतावीळपणे कुणी उघडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसरी जोडी खरं तर तिकडी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून एम. डी., आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात मृत्यू. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची. ती तुमच्या आईंनी वाचलेली असणार, बहुधा सिनेमाही पाहिला असेल. आणि इथेच मला चरित्रात्मक कादंबरीबद्दल थोडं वाकडं बोलायचं आहे. 'मला चरित्रं आवडतात' म्हणत येणाऱ्या दहा सभासदांपैकी निम्म्यांच्या मनात 'स्वामी' किंवा 'श्रीमान योगी' असायचं. पुस्तकं मोठीच आहेत, पण त्यातले संवाद लेखकाने रचलेले असतात हे वाचता वाचता विसरायला होतं. मग आनंदीबाईंचा नवरा गोपाळराव म्हणजे कादंबरीतला गोपाळराव, असंच डोक्यात पक्कं बसतं.

ते हलवायचं असेल तर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र शोधा. काशीबाई त्यांच्या समकालीन होत्या, आणि एका मराठी बाईने दुसऱ्या मराठी बाईचं चरित्र लिहिणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व', १९९७ चं. हे संशोधन करून लिहिलेलं जाडजूड चरित्र आहे, आणि तरी कुठे अडत नाही. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत, त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सी या गावी आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि पत्रं! लहानपणी मला लाकडाने मारलंत, अंगावर पुस्तकं आणि खुर्च्या भिरकावल्यात, हे त्या नवऱ्याला साता समुद्रापलीकडून शांतपणे लिहितात, आणि ते योग्य होतं की अयोग्य याचा निवाडाही त्याच शांतपणे करायला बसतात. कादंबरीतली आनंदी बिचारी वाटते. पत्रांतली मुळीच बिचारी नाही. शाळेत चाळीस वर्षं पोरी शिकवलेल्या बाईंना हा फरक माझ्यापेक्षा चांगला कळेल.

तिसरी जोडी म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघतो, १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात राणीच्या शहरात अडकतो, आणि लुटला जाऊनही शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी येतो. हे रूढ अर्थाने आत्मचरित्र नाही, पण आयुष्यातल्या दोन-तीन वर्षांची इतकी खरी हकिगत मराठीत दुसरी मला माहीत नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ मध्ये छापली ती स्वतःचा हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. एका सुट्टीत दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर संपादक म्हणजे काय करतो ते कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त कळतं. नुसती एकच घ्यायची असेल तर मूळ बरहुकूम घ्या. भाषा पहिली पंधरा पानं अडखळवते, मग कानात बसते.

आता ज्या पुस्तकांबद्दल मला सगळ्यात जपून सांगावं लागायचं ती, दलित आणि भटक्या समाजांतल्या लेखकांची आत्मकथनं. दया पवार यांचं 'बलुतं' १९७८ च्या अखेरीस आलं, आणि मराठीत आत्मकथन म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. शहरात स्थिरावलेला लेखक दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार, असे दोघं समोरासमोर बसलेत. दगडू सांगतो, दुसरा ऐकतो. मागून दोन-तीन वर्षांतच प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी', लक्ष्मण माने यांचं 'उपरा', शंकरराव खरात यांचं 'तराळ-अंतराळ' आलं, पुढे 'अक्करमाशी', 'उचल्या'. तुमच्या आईंनी यातली दोन-तीन वाचली असतीलच. पण बहुतेक वाचक पुरुषांपाशी थांबतात, म्हणून मी 'बलुतं'च्या जोडीला बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' देते.

बेबीताई फलटणच्या. किराणा मालाचं छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसताना लिहायच्या. लिहिलेलं घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी ते वीसेक वर्षं लपवून ठेवलं. 'स्त्री' मासिकातून ते पुढे आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. शीर्षकातलं 'आमुचं' बघा. दया पवारांच्या पुस्तकात एक माणूस स्वतःपासून फुटून दोन झालाय. इथे एक बाई स्वतःला बाजूला ठेवून सगळ्या महारवाड्याचं सांगते आहे: बाळंतपणं, अंगात येणं, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांची सभा. स्वतःच्या संसारात सोसलेल्या मारहाणीबद्दल पुस्तकात जवळजवळ अवाक्षर नाही. ते त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. आत्मचरित्रात काय गाळलंय यावरून माणूस ओळखायचा असेल तर या पुस्तकापासून सुरुवात करावी. त्यानंतर उर्मिला पवार यांचं 'आयदान', २००३ चं. कोकणातलं घर, बांबूची आयदानं विणणारी आई, आणि त्याच विणीचं लेखन. तिन्ही एकापाठोपाठ मात्र देऊ नका. मध्ये काहीतरी हलकं असू द्या.

भाषेची अडचण येते, हे खोटं नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद 'उपरा' दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आले. "बाई, ही कुठली भाषा?" मी त्यांना म्हटलं, बाहेरच्या बाकावर बसून पहिली दहा पानं मोठ्याने वाचा आणि मग परत करा. नाखुशीने बसले. पाऊण तासाने आत आले ते पुस्तकावर तारीख टाकून घ्यायला. बोलीतलं लेखन डोळ्यांना परकं दिसतं, कानाला नाही. तुमच्या आई एकट्या राहतात, मोठ्याने वाचायला कुणाची अडचणही नाही.

पाचवी जोडी रंजक आहे, म्हणून मधल्या विश्रांतीसाठी. हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' हे १९७० चं, आणि दुर्गा खोटे यांचं 'मी, दुर्गा खोटे' हे १९८२ चं. दोघी मराठी पडद्याच्या जुन्या नायिका. एक कलावंतिणींच्या परंपरेतल्या घरातून पोटासाठी लहानपणी या धंद्यात आलेली, दुसरी मुंबईच्या सुखवस्तू, इंग्रजी शिकलेल्या घरातून 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती म्हणून उभी राहिलेली. स्टुडिओ त्याच काळातले, पण आत शिरायची दारं वेगळी. हंसाबाईंचं पुस्तक त्यांनी सांगितलेलं आहे आणि शब्दांकन अरुण साधूंचं. तेव्हा बोलणं कुणाचं आणि वाक्य कुणाचं, हे शोधत वाचायला मजा येते. शब्दांकित आत्मचरित्रांना नाकं मुरडणारे वाचक मला भेटलेत, मला स्वतःला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ज्याला लिहिता येतं त्यालाच आयुष्य असतं असं थोडंच आहे! फक्त शब्दांकन करणाऱ्याचं नाव छापलेलं असावं, एवढीच अट. आमच्याकडे काही राजकारण्यांची चरित्रं न मागता गठ्ठ्याने यायची, एकेकाच्या पाच-पाच प्रती, त्यावर लेखक म्हणून ज्याचं नाव असे त्याने ते वाचलंय की नाही याचीच शंका. ती मी प्रामाणिकपणे दाखल रजिस्टरात चढवली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

राजकारण्यांत अपवाद करायचा तर यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ'. ते तीन खंडांत लिहायचा त्यांचा बेत होता. पहिला खंड १९८४ मध्ये आला, १९४६ पर्यंतचा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्यामुळे सत्तेत बसलेला माणूस या पुस्तकात येतच नाही, देवराष्ट्रे गावचा मुलगा आणि कराडचा चळवळ्या तेवढा आहे. वर कडेबद्दल सांगितलं, त्या हिशेबाने हे नशीबवान पुस्तक म्हणायचं.

जोडी न लागणारी पण मी कायम राखून ठेवलेली आणखी दोन. धर्मानंद कोसंबी यांचं 'निवेदन' पुस्तकरूपाने १९२४ चं. गोव्यातल्या साखवाळचा, फारसं शालेय शिक्षण नसलेला तरुण बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघतो. पुणे, काशीतल्या अन्नछत्रातलं जेवण, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. लेखनात कुठेही आव नाही. मागे राहिलेल्या बायकोचं काय झालं असेल, हा प्रश्न मात्र माझ्या सगळ्या बायका-सभासदांनी विचारला आणि पुरुष-सभासदांपैकी एकानेही नाही. दुसरं, जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व'. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. ज्यांना दुःखाचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी. सुखी बालपणावर इतकं न कंटाळवाणं लिहिता येतं हेच मोठं आश्चर्य.

आता परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे ते.

पहिलं म्हणजे आई एकट्या का राहतात, आणि केव्हापासून. हे मी उगाच विचारत नाही. माझी एक चूक अजून मनात आहे. एक बाई बऱ्याच महिन्यांनी वाचनालयात आल्या, काहीतरी चांगलं चरित्र द्या म्हणाल्या. मी रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' दिलं, १९१० चं. न्यायमूर्तींच्या घरातलं वातावरण, बायकोला शिकवायची त्यांची हौस, घरच्या बायकांचे टोमणे, सगळं गोड. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. आणि पुस्तक संपतं ते रानड्यांचं आजारपण आणि १९०१ मधला मृत्यू यांच्यावर. पुस्तक परत करताना त्या एवढंच म्हणाल्या, "शेवटचं प्रकरण तुम्ही आधी सांगायला हवं होतं." तेव्हापासून कुणाला चरित्र देण्याआधी त्याचा शेवट कशावर होतो ते मी बघते. कादंबरीचा शेवट सांगू नये हे ठीक, चरित्राचा सांगावा. तुम्हीही पार्सल पाठवण्याआधी शेवटची वीस पानं चाळा.

दुसरं, 'खरं घडलेलं' म्हणजे आईंना नक्की काय हवंय. काहींना माणूस हवा असतो, काहींना काळ, काहींना फक्त 'हे असंही असतं' एवढं कळायला हवं असतं. काळ हवा असेल तर मोठी चरित्रं आहेत: डॉ. आंबेडकरांचं म्हणाल तर एका खंडात धनंजय कीर, आणि कागदपत्रांसकट सगळं हवं असेल तर चां. भ. खैरमोडे यांचे खंडच्या खंड. पण हे अभ्यासाला बसण्यासारखं वाचन आहे, दुपारी आडवं पडून वाचायचं नाही. आणि 'हे असंही असतं' हवं असेल तर वीणा गवाणकर. 'एक होता कार्व्हर' झालंय, हे गृहीत धरते. गवाणकर स्वतः ग्रंथपाल होत्या, त्यामुळे माझा थोडा पक्षपात समजा, पण त्यांची रोझलिंड फ्रँकलिन आणि लीझ माइट्नर यांच्यावरची चरित्रं 'कार्व्हर'च्या वाचकांपर्यंत तेवढी पोचलेली नाहीत. दोघी शास्त्रज्ञ, दोघींच्या कामाचं श्रेय दुसरीकडे गेलेलं. ही तुमची सहावी जोडी.

तिसरं, डोळे. ६८ व्या वर्षी टाइप बारीक असला की पुस्तक नावडतं आणि वाचकाला वाटतं पुस्तकच कंटाळवाणं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे 'स्मृतिचित्रे', 'निवेदन', गोडसे भटजी ही पुस्तकं कोणीही छापू शकतं आणि छापतातही. स्वस्त आवृत्ती ऑनलाइन मागवलीत तर कधी टाइप बारीक निघतो, कधी मुद्रणदोष, आणि कधी घरी आल्यावर कळतं की ही संक्षिप्त आहे. मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. मागवण्याआधी पृष्ठसंख्या दोन-तीन ठिकाणी ताडून बघा. 'स्मृतिचित्रे' सडपातळ दिसलं तर घेऊ नका.

बायांचं 'माझे पुराण' आणि काशीबाईंचं आनंदी-चरित्र दुकानात चटकन मिळेलच असं नाही. पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौकात विचारा, नाहीतर जुन्या वाचनालयांत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, अशा ठिकाणी ही पुस्तकं असतात. आणि पाच हजारांतले काही पैसे बाजूला काढून आईंच्या गावातल्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरा. त्या आधीच सभासद असतील तर दुसरं कार्ड काढा, म्हणजे एका वेळी दोन पुस्तकं घरी नेता येतील. जोडीचं वाचन एका कार्डावर होत नाही, एक परत केल्याशिवाय दुसरं मिळत नाही आणि तोवर पहिल्यातलं पान विसरतं.

क्रम मी असा ठेवेन. आधी बाया आणि धोंडोपंत, या क्रमानेच, उलट नाही. मग 'सांगत्ये ऐका' आणि दुर्गाबाई. मग आनंदीबाईंची तिकडी, कारण कादंबरी घरात असेलच, खर्च एका-दोन पुस्तकांचाच. त्यानंतर 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं', मध्ये नारळीकर. गोडसे भटजी पावसाळ्यासाठी ठेवा. सगळं एकदम पाठवू नका, एक जोडी संपल्याचं फोनवर कळलं की दुसरी.

आणि त्या तीन उद्योजकांच्या पुस्तकांतल्या खुणा कुठल्या पानांवर आहेत ते आईंना विचारून मला कळवा. पहिलं घर, पहिलं कर्ज, पहिली फसगत, की पहिला पुरस्कार? तेवढं कळलं की यातली कोणती जोडी आधी पाठवायची ते अंदाजाने नाही, नेमकं सांगता येईल.